गप्प केलेला आकडा

घाटमाथ्यावरच्या एका गावात श्रीरंग बोधे राहत होता. त्याला गाडीचं भारी वेड. बँकेतून घरी आला की अंगणात बॉनेट उघडून बसायचा. गाडीला लॅपटॉप जोडून इंजिन मनासारखं जुळवून घ्यायला तो एकट्याने शिकला होता. हिवाळ्याच्या तोंडाशी त्याने इंजिनातला धूर बाहेर नेणारा जुना पाइप काढला आणि नवा, मोकळा पाइप स्वतःच्या हाताने बसवला. ओळखीच्यांना बोलावून कौतुकाने दाखवलाही.

काही आठवड्यांनी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

इंजिनाचा कॉम्प्युटर धुरात ऑक्सिजन किती उरला ते सेन्सरवरून पाहत असतो. ऑक्सिजन जास्त दिसला की पेट्रोल कमी पडतंय असं समजून तो पेट्रोल वाढवतो. किती वाढवलं ते स्क्रीनवर आकड्यात दिसतं. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. सगळं ठीक असेल तर हा आकडा शून्याच्या आसपास राहतो. श्रीरंगच्या गाडीचा आकडा चढत जाऊन मर्यादेला टेकला होता, म्हणून दिवा लागला होता.

त्याचा मित्र जयसिंग शेजारी उभा होता. त्यालाही गाड्यांचं कळत असे. तो म्हणाला, "पेट्रोल खरंच कमी पडतंय की बाहेरची हवा शिरून सेन्सर फसतोय, हे आधी बघ. नव्या पाइपचा जोड तपास."

"जोड मी बसवलाय," श्रीरंग म्हणाला.

"म्हणूनच तपास म्हणतो."

ते श्रीरंगला लागलं. जोड तपासायचा तर वरचं पत्र्याचं झाकण काढावं लागणार होतं, आणि जोड खराब निघाला तर स्वतःचंच काम चुकलं असं म्हणावं लागणार होतं. जयसिंग गेल्यावर त्याने लॅपटॉपवर पेट्रोलचं मूळ प्रमाणच वाढवून ठेवलं. कॉम्प्युटरला वेगळं वाढवायची गरज उरली नाही, आकडा शून्यावर आला. दिवा विझला. श्रीरंगला बरं वाटलं.

थंडी वाढली तशी गाडीच्या काचा बंद राहू लागल्या. एकदा बाजारातून येताना त्याची बायको प्रणाली म्हणाली, "अहो, या गाडीत बसलं की माझं डोकं दुखतं. मळमळतंसुद्धा."

"घाटातली वळणं आहेत. होतं तसं."

"पूर्वी होत नव्हतं. वास पण येतो."

"इंजिन तपासलंय मी. आकडे एकदम बरोबर आहेत."

आकडा पुन्हा चढला. श्रीरंगने पेट्रोल पुन्हा वाढवलं. जोडाची फट मात्र रुंदावत होती. तिथून बाहेरची हवा आत शिरत होती आणि इंजिनाचा विषारी धूर बाहेर पडत होता. पेट्रोल जितकं जास्त, तितका तो धूर अधिक घातक. हीटरची हवा ज्या झरोक्यातून गाडीत येते, तो त्या जोडाच्या जवळच होता.

पौषातल्या एका सकाळी श्रीरंग आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाला. प्रणाली पुढे बसली. मागच्या सीटवर आई शाल गुंडाळून बसली होती. घाटात एक ट्रक उलटला होता. रस्ता बंद, बाहेर दाट धुकं. आईला थंडी वाजत होती, म्हणून श्रीरंगने इंजिन चालू ठेवलं, हीटर लावला आणि काचा घट्ट बंद केल्या.

आईला झोप लागली. प्रणालीला घेरी येऊ लागली. तिने काच खाली करायला हात उचलला, पण हाताला जोर येईना. शेवटी तिने कसाबसा दरवाजा लोटला आणि रस्त्यावर पडली. मागच्या गाडीतली माणसं धावली. त्यांनी श्रीरंगला ओढून बाहेर काढलं. मोकळ्या हवेत तो थोडा शुद्धीवर आला.

"आईला उठवा," तो म्हणत होता.

आई उठली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी धुराने जीव गेल्याचं सांगितलं. दिवसकार्य झाल्यावर श्रीरंगने पत्र्याचं झाकण काढलं. काढायला फार वेळ लागला नाही. जोडाभोवती काजळीचा जाड थर होता. जोडाची फट बुजवणारं गॅस्केट वाकडं बसलं होतं आणि एका बाजूने जळून गेलं होतं. प्रणाली दारातून पाहत होती. ती आत निघून गेली.

भेटायला येणारे म्हणत, "वय झालं होतं. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही." श्रीरंग मान खाली घालून ऐकून घेई. मग सांगलीहून आलेला धाकटा भाऊ भालचंद्र एके दिवशी त्याच्यासमोर बसला आणि म्हणाला, "दादा, नेमकं काय झालं ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

श्रीरंग म्हणाला, "बिघाड आहे हे गाडी सांगत होती. जयसिंगने सांगितलं, प्रणालीनेही सांगितलं. माझी चूक निघेल म्हणून मी बिघाड शोधलाच नाही. नुसता आकडा बदलला."

भालचंद्र उठला. आईची शाल त्याने उचलून घेतली आणि दुपारच्या एसटीने परत गेला. त्यानंतर तो त्या घरी कधी आला नाही.

तात्पर्य: चूक दाखवणारी खूण पुसली म्हणजे चूक सुधारली असं होत नाही. आपलं काम चुकलं असेल हे मान्य करायला जो घाबरतो, त्याच्या घाबरण्याची किंमत पुष्कळदा त्याच्या जवळच्या माणसांना मोजावी लागते.