न केलेले भाषण

एका खाडीकाठच्या मुलखातून एक वक्ता खासदार होऊन दिल्लीला गेला आणि पुन्हा पुन्हा निवडून येत राहिला. परराष्ट्र धोरण असो की अर्थसंकल्प, त्याची भाषणे संसदेत गाजत. पण त्याच्याच खाडीत बंदर बांधण्याचा विषय चर्चेला आला, तेव्हा पक्षाने त्याला गप्प राहायला सांगितले आणि मंत्रिपदाची आशा दाखवली. तो गप्प राहिला. बंदर झाले, कोळ्यांच्या वाड्या उठल्या. मंत्रिपद मात्र दुसऱ्यालाच मिळाले, आणि पुढे याचे तिकीटही कापले गेले.

तो गावी परतला. लोक त्याच्याशी पूर्वीच्याच मायेने वागत, आणि नेमके तेच त्याला बोचत असे. अखेर ज्यांनी त्याला बोलायला शिकवले होते, त्या वृद्ध गुरुजींकडे तो गेला.

"गुरुजी, त्या दिवशीचं भाषण मनात तयार होतं. अजून शब्दन् शब्द पाठ आहे. पाठ सोडत नाही."

"मग उद्या ते कर. उठवलेल्या लोकांच्या नव्या वसाहतीत. मी सोबत येतो."

"आता त्याचा काय उपयोग?"



दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या समाजमंदिरात तो उभा राहिला. आधी अडखळला, मग बोलत गेला. भराव पडला की माशांची आत येण्याची वाट कशी बुजेल, कोणती वाडी आधी उठेल, खाडीपासून तुटलेली माणसे पुढे काय करतील. जे जे घडले, ते सारे त्या भाषणात होते. ते संपले तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही.

पुढे बसलेली म्हातारी चांगुणाबाई सावकाश उठली. "भाऊ, आम्ही म्हणायचो, दिल्लीवाल्यांनी आमच्या माणसाला काही कळूच दिलं नाही. म्हणजे तुम्हाला हे तेव्हाच ठाऊक होतं?"

"होतं."

ती निघून गेली. पाठोपाठ बाकीचेही गेले.

वाटेत तो कळवळून म्हणाला, "गुरुजी, तेवढी माया उरली होती. तीही तुम्ही घालवलीत."

"ती माया एका अजाण माणसावर होती," गुरुजी म्हणाले. "तो तू नव्हेस, म्हणून ती तुला बोचत होती. आज त्यांनी तुला ओळखलं. आता कुणी क्षमा केली, तर ती तुझी असेल. कदाचित कुणी करणारही नाही. तेही तुझंच."



दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच चांगुणाबाईच्या दारी गेला. तिने त्याच्याकडे पाहिले, पण बसायला सांगितले नाही. तो उभाच राहिला.