धाकू दुभाष्या आणि डेन्मार्कचे राजवाडे

वेंगुर्ल्याकडच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा दुभाष्या होता. डेन्मार्कच्या जहाजावर भांडी घासता घासता तो डॅनिश शिकला, इंग्रजीही शिकला. शहाणपण तेवढं शिकायचं राहिलं.

गावच्या सुलभाताई केळुसकर पर्यटकांना डेन्मार्क दाखवायला न्यायच्या. तिथल्या राजवाड्यांची डॅनिश माहिती इंग्रजीत करायचं काम त्यांनी धाकूला दिलं. एकही शब्द सोडायचा नाही, असं बजावलं.

धाकूने सोडला नाही. रोझेनबोर्ग म्हणजे गुलाबांचा किल्ला, म्हणून इंग्रजीत तसंच लिहिलं. मंडळी कोपनहेगनभर गुलाबांचा किल्ला विचारत फिरली. कोणालाच ठाऊक नव्हता.

ताई म्हणाल्या, "अरे, नावाचं भाषांतर करायचं नसतं. आहे तसं ठेवायचं."

पुढच्या खेपेला धाकूने 'रोझेनबोर्ग स्लॉट' आहे तसं ठेवलं. डॅनिशमध्ये स्लॉट म्हणजे राजवाडा. मंडळींना वाटलं, वेळेचा स्लॉट. आपला स्लॉट कधी येतो म्हणून ती दिवसभर हॉटेलातच बसून राहिली.

ताईंनी कपाळाला हात लावला. स्लॉट दिसला की राजवाडा लिहायचं, एवढंच लक्षात ठेव म्हणाल्या.

धाकूने ठेवलं. कार्यक्रमात न्याहारीचा स्लॉट आठचा होता. धाकूने लिहिलं, आठ वाजता न्याहारीचा राजवाडा. मंडळी पैठण्या नेसून, फेटे बांधून खाली उतरली. समोर पाव आणि उकडलेली अंडी.

"धाकू, नुसता शब्द बघू नकोस," ताई म्हणाल्या. "समोर काय आहे ते बघ. तोफा असतील तर किल्ला, राजा राहत असेल तर राजवाडा. नीट चौकशी कर, मग बोल."

धाकूला फार वाईट वाटलं. आता चुकायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

पुढे डेन्मार्कहून एक बडे हॉटेलवाले गावात आले. आडनाव बोर्ग. म्हणजे किल्ला. ते खूश झाले तरच ताईंचा बुडत चाललेला धंदा तरणार होता. ताईंनी गावातली मोठी माणसं जमवली आणि पाहुण्यांची ओळख करून द्यायला धाकूला उभं केलं.

धाकूने पाहुण्यांभोवती सावकाश एक फेरी मारली. मग डॅनिशमध्ये विचारलं, तोफा आहेत का? राजा राहतो का? पाहुण्यांना वाटलं, हा आपल्या घराची चौकशी करतोय. ते हसून नाही म्हणाले. मग वर कोण राहतं, धाकूने विचारलं. मुलं लग्न होऊन गेली, आता वर कोणीच नाही, असं उत्तर आलं.

धाकूचं समाधान झालं. त्याने आधी मराठीत आणि मग पाहुण्यांनाही कळावं म्हणून इंग्रजीत सांगितलं, "मंडळी, यांना किल्ला म्हणतात खरं, पण हे किल्ला नव्हेत, राजवाडाही नव्हेत. मी नीट चौकशी केलीय. यांचा वरचा मजला रिकामा आहे, असं ते स्वतःच म्हणाले."