नऊ सागरगोटे

"तीन-तीन वर्षांची पोरं घटकाभर जागची हलता कामा नयेत! एक जरी हललं, तरी हौसाबाईची शाळा बंद!"

दुर्जयराजे महाराजांनी भर दरबारात हौसाबाईला हुकूम सुनावला.

हौसाबाई कुंभाराची लेक. देवळामागच्या पडवीत ती गावातली नऊ चिमुरडी सांभाळायची, त्यांना गाणी शिकवायची, मातीचे बैल करायला लावायची. पोरांवर तिचा भारी जीव. पण प्रधान अप्पाजीपंतांनी नुकतीच बालशिक्षणाची चाळीस कलमं लिहिली होती. पंतांना ना मूल ना बाळ, पण अक्षर कसं मोत्यासारखं! महाराज बेहद्द खूश झाले होते आणि त्यातलंच एक कलम त्यांनी हौसाबाईच्या शाळेला लावलं होतं.

"परवा आम्ही स्वतः तपासायला येऊ," महाराज म्हणाले. "छडी नाही, खाऊ नाही, दटावणी नाही. नाही जमलं, तर पोरं मोठ्या पंतोजींकडे."

मोठ्या पंतोजींची छडी साऱ्या गावाला ठाऊक होती. हौसाबाईने कलमांची नक्कल मागून घेतली आणि बापाच्या चाकाशेजारी बसून दोन दिवस घोकली.

"अगं, तू कलमं पाठ केल्यानं पोरं गप बसणार हायेत व्हय?" बाप म्हणाला.

"पोरं न्हाई बसायची, आबा. पर लिव्हणाऱ्यानं तरी समदी वाचल्यात का, ते बघते!"

तिसऱ्या दिवशी महाराज आले. पडवीत पाण्याचं गंगाळ ठेवलं होतं. पंतांनी त्यात घटका मोजायची तांब्याची वाटी सोडली. वाटीच्या तळाला बारीक भोक. पाणी आत शिरत जाणार, वाटी बुडाली की घटका भरली.

हौसाबाईने पोरांना गंगाळाभोवती बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक सागरगोटा दिला.

"आपली पाळी आली की वाटीत टाकायचा. हळूच हां!"

पोरं डोळे विस्फारून बघत राहिली. कोण हलतंय! पहिला सागरगोटा पडला, दुसरा पडला. कोणी हलतंय का ते बघायला पंतच सारखे उठत-बसत होते. वाटी खाली खाली जाऊ लागली. आठवा पडला. नवव्याला डुबुक!

"बुडाली!" नऊ पोरं एकदम ओरडली.

"लबाडी! शुद्ध लबाडी!" पंत ताडकन उठले. "एवढ्यात घटका भरते होय?"

"पंत, धाव्या कलमात तुम्हीच लिव्हलंय, वाटी बुडेपर्यंत पोरानं जागचं हलू नये," हौसाबाई म्हणाली. "आन एकोणतिसाव्यात लिव्हलंय, पाठ चालू असताना परत्येक पोराच्या हाताला काम द्यावं. म्या दोन्ही पाळली. पोरांच्या हाताला काम दिलं की घटका लवकर बुडती, त्याला म्या काय करू?"

पंतांनी कागद चाळला. एकोणतिसावं कलम होतं खरं!

"आन म्हाराज," हौसाबाई हसून म्हणाली, "पोरं बसली. पर वाटी बुडायच्या आत पंत मातुर चारदा उठले!"

महाराज पोट धरधरून हसले. त्यांनी गळ्यातला कंठा काढून हौसाबाईपुढे ठेवला.

"शाळा तुझी! आणि पंत, आता कलमं दुरुस्त करा. पण त्याआधी महिनाभर रोज या पडवीत बसायचं."

"महिनाभर? महाराज, मी इथं बसून करू काय?"

हौसाबाईने पंतांच्या हातात दहावा सागरगोटा ठेवला.