चुंदीची पावली

आजीच्या आजीच्या वेळी काय होतं? चार आण्यांची पावली होती. चांदीची, गोल गोल, इवलीशी.

अशी एक पावली चुंदी चिचुंद्रीला मिळाली. मामानं दिली हो! चुंदी म्हणाली, "आज जत्रा. मी पिपाणी घेणार!"

निघाली तुरुतुरु. आणि पावली सुटली! घरंगळली, घरंगळली... टिण्ण! गेली जात्याखाली.

चुंदीनं जात्याखाली नाक घातलं. नाक गेलं, पोट अडकलं. बाहेर आली ती पांढरीफटक. सांडलेलं पीठ सगळं अंगावर!

"जातेबाबा, जातेबाबा, फिरा ना! पावली निघेना, पिपाणी मिळेना!"

"माझा खुंटा मोडला. खुंटा नाही, फिरणं नाही. जा, आल्या पावली परत!"

"आली? पावली आली? कुठाय, कुठाय?" चुंदीनं पुढं पाहिलं, मागं पाहिलं. शेपटीखाली पाहिलं. कुठली पावली नि कुठलं काय!

गेली तुरुतुरु सुताराकडे.

"सुतारमामा, सुतारमामा, खुंटा द्या ना! जातं फिरेना, पावली निघेना, पिपाणी मिळेना!"

"माझा वाकस बोथट. लाकूड तासू कशानं? धार नाही, खुंटा नाही. जा, आल्या पावली परत!"

"आली? पावली आली? कुठाय, कुठाय?" भुशात पाहिलं. आक्छी! पावली नाहीच.

गेली तुरुतुरु लोहाराकडे.

"लोहारकाका, लोहारकाका, वाकसाला धार लावा ना! सुतार तासेना, जातं फिरेना, पावली निघेना, पिपाणी मिळेना!"

"माझं पोट रिकामं. भाकरी नाही, धार नाही. जा, आल्या पावली परत!"

"आली? पावली आली? कुठाय, कुठाय?" लोहाराच्या जोड्यात पाहिलं. शी! पावली नाहीच.

गेली तुरुतुरु भागूकाकूकडे.

"भागूकाकू, भागूकाकू, भाकरी दे ना! लोहार ठोकेना, सुतार तासेना, जातं फिरेना, पावली निघेना, पिपाणी मिळेना!"

"जातं बंद, पीठ कुठलं गं? पीठ नाही, भाकरी नाही. जा, आल्या..."

"नको म्हणू!" चुंदीनं भोकाड पसरलं. "सगळे म्हणतात आली, आली. माझी पावली येतच नाही!"

रडता रडता अंग झटकलं. फट् फट् फट्! काकूच्या नाकावर पीठ!

"अगं बाई! काखेत कळसा नि गावाला वळसा! पीठ तर तुझ्याच अंगावर!"

काकूनं पीठ मळलं. थाप थाप थाप! भाकरी झाली. केवढी? पावलीएवढी!

लोहारानं खाल्ली. "एक घासही नाही झाला!" म्हणाला. पण धार लावली. ठण् ठण् ठण्!

सुतारानं खुंटा केला. खट् खट् खट्!

खुंट्याला लोंबकळली चुंदी. जातं फिरलं, चुंदीही फिरली. घर्र घर्र घर्र... टिण्ण! पावली बाहेर!

चुंदी धावत सुटली. डोकं गरगर, पाय वाकडे. जत्रा उठत होती. पिपाणीवाला गाठोडं बांधत होता.

"पिपाणीवाले, पिपाणीवाले, एक पिपाणी द्या ना!"

"दुकान बंद झालं. जा, आल्या पावली परत!"

"आली! आली! पावली आली! ही घ्या!"

पिपाणीवाला पोट धरधरून हसला. गाठोडं सोडलं. लाल पिपाणी दिली.

चुंदीनं गाल फुगवले. पीं पीं पींऽऽऽ!

पिपाणीतून निघाली गोष्ट, तुमच्या कानात शिरली, नि तिथंच झोपली.