वाजला का?

भडवळे गावच्या दूध संघात शालनताई वीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. आलेला प्रत्येक फोन वहीत टिपायचा, हा त्यांचा शिरस्ता. आता संघाचे फोन इंटरनेटवरून होणार होते. त्यासाठी शहरातून आलेल्या रत्नपारखी साहेबांनी पाऊल ठेवताच सांगून टाकलं, "यापुढे ऑपरेटरचं काम नाही."

इंटरनेटवरून फोन जोडायचे दोन प्रोटोकॉल होते, सिप आणि एच तीनशे तेवीस. त्यांची तुलना करायला साहेब दिवसभर डेअरीच्या गोदामात बसून शालनताईंच्या टेबलावर ठेवलेल्या नव्या यंत्रावर फोन लावत होते.

संध्याकाळी संचालकांपुढे त्यांनी तासभर तक्ते दाखवले. एच तीनशे तेवीस म्हणे जुना आणि भारदस्त, सिप सुटसुटीत. मग ते हसून म्हणाले, "बाईंना यातलं काय कळणार म्हणा! तरी विचारतो, कुठला सरस वाटला?"

शालनताईंनी चष्मा चढवून वही उघडली.

"सिपवरून चार फोन आले, साहेब. एच तीनशे तेवीसवरून तीन. आणि 'आत्ता लावला होता, वाजला का?' असं विचारायला आपल्या जुन्या फोनवर एकोणीस. ते सगळे पहिल्या घंटीला लागले. मीच उचलले."

अध्यक्ष यशवंतअण्णांनी घसा खाकरला आणि ठराव लिहून घ्यायला सांगितलं.

"प्रोटोकॉल साहेब म्हणतील तो घ्यावा. तो वाजला का, हे सांगायला शालनताई आणि जुना फोन कायम ठेवावा."