टिटवीचं पाणी

"पण बाई, यात कमी काय आहे?"

शार्दूल सामंतनं पुन्हा विचारलं. आवाजात आदर होता, पण कसाबसा राखलेला.

पाठारेबाई बाल्कनीतल्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर एक मोठा छापलेला फोटो होता. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि पुन्हा त्या फोटोकडेच पाहू लागल्या.

नेरूळच्या खाडीकाठी पक्षी पाहायला जाणाऱ्यांत बाईंना ओळखत नाही असं कोणी नव्हतं. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. रोज सकाळी खाडीच्या बांधावरून चालत, आणि ज्याला यायचं असेल त्याला बरोबर येऊ देत. शिकवत फारसं नसत. कुणी काही विचारलंच, तर बहुतेक वेळा त्याच उलट विचारत, तुला काय दिसलं?

शार्दूल एक हिवाळा त्यांच्याबरोबर चालला होता. मग त्यानं मोठी लेन्स घेतली आणि बांध सोडला. बाईंच्या चालीनं चाललं तर फोटो मिळत नाहीत, असं तो मित्रांना सांगे. आणि त्याचे फोटो खरोखरच चांगले येत. आता त्याचं स्वतःचं प्रदर्शन भरायचं होतं. उद्घाटन बाईंनी करावं, असं त्याच्या मनात होतं.

म्हणून तो आज फोटो घेऊन आला होता. खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे फोटो बाईंनी एकामागून एक पाहिले, छान आहेत म्हणाल्या. या एका फोटोशी मात्र थांबल्या.

फोटोत एक टिटवी होती. उथळ पाण्याच्या कडेला उभी. मागून ऊन. पोटाची पांढरी पिसं चिंब भिजलेली, आणि त्यांतून निथळणारे थेंब हवेतच थांबलेले. डोळ्यापुढची लाल कातडी झळझळत होती. नजर थेट समोर, बघणाऱ्याकडे.

"रोहित कुणीही टिपतो," शार्दूल म्हणाला. "टिटवी रोज दिसते, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. मी बघितलं."

बाईंनी मान हलवली.

"कधीचा?"

"परवाचा. भर दुपारचा."

मग त्यानं न विचारताच सगळं सांगितलं. इमारतींच्या मागं भराव टाकलेली मोकळी जागा आहे, तिथं भरतीचं पाणी आत येऊन डबकं साचतं. ही टिटवी पाण्यात उतरली, पोट टेकवून बसली, अंग हलवून पिसं भिजवली आणि बाहेर आली. तो समोरच होता. एरवी टिटवी माणूस दिसला की उडून जाते, पण ही हललीच नाही. त्यानं उभ्यानं फोटो काढले, बसून काढले, पालथं पडून काढले. ती मधूनमधून परत पाण्यात जाई, भिजून येई आणि त्याच्यासमोर उभी राही. त्रास झाला तो फक्त दुसऱ्या एका टिटवीचा. ती सारखी डोक्यावरून ओरडत फिरत होती.

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय?"

"मग ती कुठं गेली?"

शार्दूल जरा थांबला. "कुठं गेली नाही. तिथंच उभी होती. मी निघालो."



बाईंनी फोटो जपून बाजूला ठेवला. शार्दूलसाठी आणलेलं पाण्याचं भांडं तिपाईवर तसंच होतं. बाईंनी त्यात तळवा बुडवला आणि हात कठड्याबाहेर उन्हात धरला.

बोटांवरून थेंब खाली गळाले. मग गळायचे थांबले.

बाई हात तसाच धरून बसल्या. तळवा काही वेळ चमकत राहिला. नंतर तोही चमकेना.

त्यांनी तो हात शार्दूलच्या हातावर ठेवला. हात कोरडा होता. गरम होता.

"मला कळलं नाही," शार्दूल म्हणाला.

"टिटवी घरटं बांधत नाही," बाई म्हणाल्या. "उघड्यावर, खडीत अंडी घालते. दुपारी जमीन तापते. मग ती पोट भिजवते आणि ते ओलं पोट घेऊन अंड्यांवर जाऊन बसते."

शार्दूलनं फोटोकडं पाहिलं. थेंब होते तिथंच होते.

"आणि मी..."

"तू मध्ये होतास."

खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

मग शार्दूल उठला. म्हणाला, आत्ताच जाऊन येतो. बाईंनी छत्री घेतली, पायात चपला घातल्या. त्यानं ऊन फार आहे म्हणून सांगून पाहिलं. त्या जिना उतरायला लागल्या होत्या.

भरावाची जागा शेवटच्या इमारतीच्या मागं होती. पत्र्याच्या कुंपणाला एके ठिकाणी फट होती, तिच्यातून दोघं आत गेले. समोर खडीचा सपाट पट्टा, त्यापलीकडं पाणी, आणि पाण्यापलीकडं तिवरांची हिरवी रेघ. कॅमेरा शार्दूलच्या गळ्यात होता. सवयीनं घातलेला. बाईंनी त्याबद्दल काही म्हटलं नाही.

थोडं चालले असतील नसतील, तोच खडीतून एक टिटवी उठली आणि ओरडत त्याच्या डोक्यावरून गेली. कुठूनशी दुसरी आली. दोघी आळीपाळीनं वरून झेपावू लागल्या.

शार्दूलनं मान खाली घातली. आज तो आवाज त्याला वेगळाच लागला.

"अंडी इथंच आहेत," तो म्हणाला. "एकदा बघतो, बाई. जिवंत आहेत की नाहीत, एवढंच."

"ओरडताहेत ना..." बाई म्हणाल्या. "मग अजून आहे काहीतरी राखण्यासारखं."

त्याला ते पुरलं नाही. त्यानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. निदान अंड्यांवर थोडं पाणी शिंपडतो, म्हणाला. छत्री द्या, सावली धरून उभा राहतो. संध्याकाळपर्यंत उभा राहीन.

"काहीतरी करायला हवं, बाई."

"हो," बाई म्हणाल्या आणि वळून चालू लागल्या.

तो बाटली धरून तसाच उभा राहिला. टिटव्या ओरडत होत्या. मग तोही बाईंच्या मागं निघाला, पण उलटा, पावलागणिक मागं सरकत, तोंड टिटव्यांकडं ठेवून.

"इथं थांबू?" त्यानं विचारलं.

बाई चालत होत्या.

एक टिटवी खाली उतरली. डबक्याच्या कडेला गेली, पाण्यात शिरली आणि पोट टेकवून बसली. पाठीवर ऊन होतं, खालचं पाणी काचेसारखं स्थिर. तिनं अंग हलवलं आणि भोवती वर्तुळं उठली. परवा असा उजेड नव्हता. परवा ती इतकी जवळही नव्हती.

शार्दूलचा हात कॅमेऱ्यावर गेला.

टिटवी पाण्याबाहेर आली. चिंब भिजलेली. दोन पावलं चालली आणि थांबली. त्याच्याकडं पाहू लागली.

पोटाखाली खडी ओली होत होती.

तो हलेना, म्हणून तीही हलेना.

...शार्दूलनं हात खाली घेतला. आणि त्यानं पाठ फिरवली.

मग तो चालू लागला. मागं ओरडणं चालूच होतं. मान वळवावीशी वाटत होती, इतकी की ती दुखू लागली. कुंपणाची फट आली. ती ओलांडून दोघं रस्त्यावर आले. तिथं थांबावं असं त्याला वाटलं, कारण फटीतून खडीचा थोडा तुकडा अजून दिसत होता. पण बाई थांबल्या नाहीत. रस्ता संपून वळण आलं, तसं ओरडणं विरळ झालं. इमारतीच्या पलीकडं गेल्यावर थांबलं.

बसस्टॉपचं बाकडं सावलीत होतं. बाईंनी छत्री मिटली आणि त्या बसल्या. शार्दूल उभाच राहिला. आता तो मागं वळला. समोर इमारतीची उंच भिंत होती, वाळत घातलेले कपडे होते, आणि भिंतीच्या वर आभाळ.

बराच वेळ तो तिकडं पाहत राहिला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "इथून तर काहीच दिसत नाही."

बाईंनी पदरानं कपाळ टिपलं.

"मग आता बसली असेल."