दोनशे कुपनं आणि एक लाकूड

"बाबा, तुम्ही फुकट जेवायला घालता, तर लोक ताट डोळ्याला लावतात. मी अर्ध्या किमतीत घालतो, तर शिव्या देतात. असं का?"

लतीफबाबांनी वर बघितलं.

"लाकूड आणलंस?"

"लाकूड?... कसलं लाकूड?"

मिरजेबाहेर ओढ्याकाठी बाबांचा तकिया आहे, फकिराचं ठाणं. दर गुरुवारी तिथं खिचडीच्या दोन डेगा, मोठाले हंडे, चुलीवर चढतात. जेवायला येणारा कुणीही असो, येताना एक लाकूड आणतो. बाभळीचं, बोरीचं, वाटेत सापडेल ते. पहिली डेग मागच्या गुरुवारच्या उरल्या लाकडावर शिजते, दुसरी त्या दिवशी आलेल्या. चूल माझ्याकडे. तीस वर्षं धूर खातोय.

त्या गुरुवारी सकाळी विचारणारा होता धन्यकुमार आवटी. गावातल्या जुन्या खानावळीचा मालक. कडक इस्त्रीची पँट, पायात चकचकीत बूट. चिखल चुकवत चुकवत आलेला.

"लाकडं कसली गोळा करता बाबा! गॅसच्या दोन शेगड्या पाठवतो उद्या."

मी गप्प बसणारा नव्हे.

"शेगडी राहू दे. दुखतंय कुठं ते सांग."

तो चटईवर टेकला.

"मोबाईलवरची एक कंपनी आली. म्हणाली, कुपनं काढा, अर्ध्या किमतीत थाळी द्या, गिऱ्हाईक धावत येईल. आलं की! रांग पार रस्त्यापर्यंत. पण त्या अर्ध्यातलं अर्धं कंपनीच कापून नेते. मग भाकरी लहान केली. मग वांग्यातला मसाला कमी केला. परवा मल्लाप्पाला म्हटलं, आमटीत दोन तांबे पाणी ओत..."

"मग?"

"त्यानं पळी खाली ठेवली. रविवारी गावी जातो म्हणाला. वडिलांच्या वेळचा आचारी आहे, बाबा. तो गेला तर खानावळ संपली."

"आणि ती रांग?"

"रांगेचं काय! एकदा येतात, परत तोंड दाखवत नाहीत. दुसऱ्याचं कुपन मिळालं की तिकडं पळाले. काल एक बाई सहा कुपनं घेऊन आली. शेवटची तारीख होती. घरची सगळी लग्नात जेवून आलेली, तरी वाया जाईल म्हणून बळंच बसवली. सासरा ओकला. वर मलाच म्हणते, तुम्ही फसवलंत."

"रोजचे जेवणारे?"

धन्यकुमार बुटांकडे बघत राहिला.

"दातार कंपाउंडर... अठरा वर्षं खिडकीजवळ बसायचे. एक दिवस म्हटलं, जरा थांबा, आधी कुपनवाले उरकू दे. थांबले नाहीत. अजून आले नाहीत."

"मग आमच्याकडं कशाला आलास?" मी म्हटलं. "तुझं तुलाच कळलंय की."

तो तडकला.

"काय कळलंय? कुपनात चूक नाही, काका. माणसंच हावरी आहेत. बाबांची माणसं चांगली, म्हणून बाबांचं चालतं. माझ्या नशिबी आले सगळे भुक्कड!"

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

"माझी माणसं चांगली?"

"सोन्यासारखी."

"कुपनं आहेत खिशात?"

"दोनशे."

"वाटून टाक. त्या वळणावर उभा रहा. ज्याच्याकडं कुपन, त्याला दोन पळ्या जास्त. लाकूड आणायचं नाही. दुपारच्या अजानपर्यंतच."

"बाबा, डोकं ठिकाणावर आहे का?" मी ओरडलो. "दुसरी डेग शिजायची कशावर?"

"एकच गुरुवार..." बाबा म्हणाले.

धन्यकुमार वळणावर उभा राहिला. धंद्यातला माणूस, आवाज खणखणीत. अर्ध्या तासात दोनशे कुपनं संपली.

मग काय विचारता. लाकूड घेऊन आलेल्या एकानं ते परत काखेत मारलं, घरी न्यायला. एकानं फोन करून मेव्हण्याला बोलावलं. पोट भरलेले आले, भूक नसलेलेही आले. जी माणसं गुरुवारी एकमेकांना ताट पुढं करायची, ती कोपरानं ढकलू लागली. पहिली डेग बघता बघता खरवडून झाली. दोन पळ्या जास्तीच्या, म्हणून घेतल्या. खाववेना, म्हणून टाकल्या. कुत्र्यांची चैन झाली.

दुसरी डेग चुलीवर होती. खाली राख.

"वाढा की!"

"कच्ची आहे," मी म्हटलं.

"मग कुपन कशाला दिलं? फसवता होय गरिबांना?"

हे बोलणारा कोण? दर गुरुवारी बाबांच्या पाया पडणारा. त्यानं ताट आपटलं.

धन्यकुमार घामाघूम होऊन आला.

"बाबा... हीच का ती माणसं?"

"हीच. सकाळी तुला आवडली होती."

तेवढ्यात गंगव्वा आली. ऐंशीच्या पुढची बाई, दोन कोस चालत येते. कंबरेत वाकलेली, हातात बाभळीचं एक लाकूड. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "म्हातारे, कुपन आहे का? नाही? मग मागं हो."

गंगव्वा भांडली नाही. लाकूड तेवढं चुलीपाशी ठेवलं, पदर सावरला, आणि आल्या वाटेनं परत फिरली.

धन्यकुमार बघत होता. त्याचा चेहरा उतरला.

"दातार..." एवढंच तोंडातून निघालं.

मग तो पळाला. म्हातारीला आडवा गेला. "आजी, थांबा. पाच मिनिटं थांबा. तुमच्या पाया पडतो."

"कुपन न्हाई माझ्याकडं, लेकरा."

"नकोच!"

तिला चुलीपाशी बसवलं. स्वतः गुडघे टेकले, तिचं लाकूड राखेत सारलं आणि फुंकू लागला. डोळ्यांतून पाणी, तोंडाला काजळी. एका लाकडानं डेग शिजते का? नाही शिजत. हे त्यालाही कळलं. उठला आणि ओढ्यात उतरला. बुटांसकट. बाभळीची वाळकी फांदी ओढताना ती इस्त्रीची पँट टर्रकन फाटली.

लोक हसले.

तो दुसऱ्यांदा उतरला, तेव्हा कुणी हसलं नाही.

तिसऱ्यांदा वर आला, तर चुलीपाशी काखेतलं लाकूड ठेवून तो मघाचा माणूस मान खाली घालून उभा. त्याच्या मागं दुसरा. मग ताट आपटणाराही आला, कुठून तरी कुंपणाचा खुंट उपटून घेऊन. चूल अशी पेटली की मला मागं सरकावं लागलं.

अजान झाली. डेगीचं झाकण काढलं. वाफ लिंबाच्या झाडापर्यंत गेली.

पहिलं ताट गंगव्वाचं. धन्यकुमारनं वाढलं. तिनं घास घेतला, चघळला, बोळक्यानं हसली.

"आज ब्येस शिजलीया. नवा आचारी ठेवला व्हय, बाबा?"

काजळीनं काळाठिक्कर झालेला धन्यकुमार एवढ्या मोठ्यानं हसला की झाडावरचे कावळे उडाले.

पुढच्या गुरुवारी तो चालत आला. पायात साध्या वहाणा, खांद्यावर हातभर लाकूड. मागं मल्लाप्पा, त्याच्याही खांद्यावर लाकूड.

"रविवारी गेला नाहीस?" मी मल्लाप्पाला विचारलं.

"पळी परत हातात दिली की यानं. पाण्याचा तांब्या लांब ठेव म्हणाला."

धन्यकुमारला दम निघत नव्हता.

"बाबा, कुपनांचा बोर्ड उतरवला! ज्यांनी आधीच घेतलीत त्यांना पुरी थाळी, मसाल्यासकट. नवं एक नाही. दातारांच्या घरी गेलो. म्हटलं, खिडकीजवळची जागा तुमची आहे, चुकलो. काल आले!"

"काही बोलले?"

"एक शब्द नाही. आमटी दोनदा मागितली."

"तीनदा," मल्लाप्पा म्हणाला.

"आणि रांग?"

"रांग नाही बाबा, रांग संपली! पण एक माणूस ताटात टाकून उठला नाही. मी जिंकलो, बाबा!"

त्यानं लाकूड बाबांसमोर ठेवलं.

बाबांनी ते हातात तोललं. नखानं साल खरवडून बघितली...

"ओलं आहे, बेटा. उन्हात टाक. पुढच्या गुरुवारी पेटेल."